मबारकाचं वजन

ढग दक्षिणेकडून डोकावून जात होते आणि अजून साठ खजुरींवरचे घड उतरायचे होते. पिकल्या घडांवर पाऊस पडला म्हणजे संपलंच. फळ फुगतं, आंबतं आणि मग गाढवांपुढे टाकावं लागतं. गावातली तरणी पोरं शहरात गेलेली, मजूर मिळेना. म्हणून सालेम उजाडताच अनवाणी झाडावर चढला होता आणि कमरेच्या विळ्यानं घड कापून दोरानं खाली सोडत होता. खाली चादर ताणून उभी होती त्याची आई, यामना.

यामनाचं वय अडुसष्ट. वर बघून बघून मानेचा दगड झाला होता, पण ती हूं की चूं करत नव्हती. गेल्या वर्षभरात तिला एका गोष्टीची फार गोड सवय लागली होती. येताजाता कुणीतरी मानाचं 'लल्ला' लावून म्हणायचं, "लल्ला यामना, तू नसतीस तर या घराचं काय झालं असतं गं!" आणि ती "काय बाई, मी कोण करणारी," असं म्हणून चार पाट्या जास्त उचलायची.

हे कौतुक तिच्या वाट्याला आलं ते मबारकाच्या पायांमुळे.

मबारका तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही वारलेले. मातीच्या घरात एकाच अंगणाला दोघींच्या खोल्या, दारासमोर दार. मबारका बसली तरी यामनाला दिसायची, उठली तरी दिसायची. पंचेचाळीस वर्षं यामनानं दुसरं काही पाहिलंच नव्हतं म्हणा ना! लग्न होऊन आली तेव्हा मबारका कशी भरलेली होती. गोल दंड, गोल हनुवटी. त्या मुलखात बाईनं असंच दिसावं, असं सगळे म्हणतात. यामना मात्र खजुरीच्या वाळक्या फांदीसारखी. तिच्या सासूनं तिला सातूची पेज पाजली, लोणी चारलं, उंटिणीचं दूध दिलं. सगळं कुठं जिरलं कुणास ठाऊक.

मग मबारकाला साखरेचा आजार जडला आणि गेल्या वर्षी तो तळपायांच्या नसांमध्ये उतरला. निखाऱ्यांवर उभं केल्यासारखे पाय. पांघरूण टेकलं तरी ओरडायची. वर्षभर झोप नाही, की वाफ्यांत येणं नाही. गाल बसले, दंड लोंबले. यामना तिला रोज पेज नेऊन द्यायची आणि खरं सांगायचं तर फार मनापासून द्यायची.

मग सणाला मबारकाचा मुलगा फराजी अगादीर शहरातून आला, आईला गाडीत घालून तिथल्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि गोळ्या घेऊन आला. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या. एका पत्र्याच्या डब्यात लाल-पांढऱ्या, दिसायलाही देखण्या.

"कोण येतंय बघ," झाडावरून सालेम ओरडला. "यम्मा, बघ तरी! काकू चालत आली!"

पाटाच्या बांधावरून मबारका येत होती. हळूहळू, पण आपल्या पायांनी. मागून सालेमची बायको इज्जा तिची चटई घेऊन.

"झोपले गं, यामना!" मबारका लांबूनच म्हणाली. "आठ रात्री झाल्या, दगडासारखी झोपतेय. पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही."

"चांगलं झालं," यामना म्हणाली. "आता हात आहेत का ते बघ. खजूर निवडायचेत."

मबारका खळखळून हसली, चटईवर बसली आणि निवडायला लागली. अखंड, मऊ फळं एका पाटीत, वाळकी दुसऱ्या पाटीत, फुटकी जनावरांना. वर्षभर बसून होती, पण बोटं विसरली नव्हती. दुपारपर्यंत तिच्या पाट्या यामनाच्या दीडपट झाल्या. इज्जानं चहा आणला आणि पहिला पेला दिला मबारकाला.

तो पेला यामनानं नीट पाहून ठेवला.

*

दर बुधवारी सहकारी संस्थेचा काटा खळ्यावर यायचा. पेट्या तोलून झाल्या की बायकांचा एक खेळ चालायचा. पुरुष मालमोटारवाल्याशी बोलण्यात गुंतले की एकेकीनं काट्यावर चढायचं. जिचं वजन वाढलं तिच्यासाठी बाकीच्यांनी जिभा वळवळवत आनंदाची आरोळी ठोकायची.

पहिल्या बुधवारी मबारका एकसष्ट किलो भरली. यामना एकोणपन्नास.

दुसऱ्या बुधवारी मबारका चौसष्ट.

"माशाल्ला! माशाल्ला!" बायका एका सुरात म्हणाल्या. कौतुक करताना हा शब्द म्हणायचाच, नाहीतर ज्याचं कौतुक केलं त्याला दृष्ट लागते. चहावाली बतूल तर टाळ्या पिटत म्हणाली, "अगं गाल बघा हिचे! तंबूत नवरी बसवायला हरकत नाही!"

"नवरा कोण आणणार? तू?" मबारका म्हणाली आणि सगळ्याजणी पोट धरून हसल्या.

मग यामना चढली. एकोणपन्नास. काट्याचं बोट तिथून ढिम्म हललं नाही.

"लल्ला यामना, कपड्यांसकट ना?" कुणीतरी विचारलं आणि पुन्हा हशा पिकला. यामनाही हसली. घरी जाताना मात्र तिच्या लक्षात आलं की सगळ्यांच्या तोंडून माशाल्ला आलं होतं आणि आपले ओठ हललेच नव्हते.

तिसऱ्या बुधवारी साडेसदुसष्ट. आणि पुन्हा तोच चहाचा पहिला पेला, तीच आरोळी. सालेमसुद्धा, पोटचा मुलगा, म्हणाला, "काकू आली आणि कामाला रंग आला बघ." वर्षभर या रंगाचं भांडं कोण घासत होतं रे, हे यामनाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

गुरुवारी मबारका अंगणामागे केस धुवायला बसली. यामना समोरच्या खोलीत शिरली. डबा उशीखालीच होता. एक गोळी काढली, पाण्याशिवाय गिळली, बाहेर आली आणि लसूणघास कापायला निघून गेली. जाताना अशी वळून वळून बघत होती की जणू तिनं गाढव चोरलं होतं.

तिला काय हवं होतं? पाय दुखत नव्हते तिचे. गुडघे दुखायचे, पण ते काही निखारे नव्हते. तिला ते गाल हवे होते. अडुसष्टाव्या वर्षी, एकदा तरी काट्याचं बोट तिच्यासाठी हलायला हवं होतं. बस, एवढंच!

मग ती रोज एक, कधी दोन घ्यायला लागली. दोन-तीन दिवस डोकं हलकं झालं, ताडी प्यायल्यासारखं. एकदा घासाचा भारा डोक्यावर घेऊन येताना पाट कुठं आणि बांध कुठं तेच कळेना आणि ती भाऱ्यासकट पाण्यात बसली. सालेम धावत आला. "यम्मा, झालं काय?" "बेडूक बघत होते," ती म्हणाली. पण आठवड्यानं संध्याकाळी चप्पल काढताना पट्ट्याचा वळ पायावर खोल उमटलेला दिसला. पाय भरले होते! यामनानं दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ ती आपल्या पायांकडे बघत बसली. नव्या बांगड्या भरलेली मुलगी हातांकडे बघते तशी.

तिकडे मबारका औषधवाल्याला शिव्या घालत होती. "डब्यात कमी भरल्या मेल्यानं! आणि फराजी फोनवर म्हणतो, पाय परत चुरचुरतात तर एकाच्या जागी दोन घे. पुरतील कशा?"

"शहरातले लोक चोरच," यामना म्हणाली.

*

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मबारकाकडे सगळेच बघत होते, पण सगळ्यांना दिसत होते तिचे गाल. यामनाच्या डोळ्यांत मत्सर होता आणि मत्सराला बारीकसारीक फार दिसतं.

मबारकाचे चांदीचे तोडे घोट्यावर चढेनासे झाले, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं. आधी एक उशी असायची, मग दोन झाल्या आणि आता मबारका भिंतीला टेकून बसूनच झोपते, हे समोरच्या दारातून सकाळी दिसायचं. खजुरांपर्यंत पोचायला बांधावर एकदा थांबायची, ती आता चारदा थांबते. "काय गं, पाटाचं पाणी मोजतेस?" यामनानं टोमणा मारला तर उत्तर आलं नाही. मबारकाकडून उत्तर नाही म्हणजे नवलच! चौथ्या बुधवारी ती एकाहत्तर भरली, बायकांनी आरोळी ठोकली आणि मबारका काट्यावरून उतरताना हसली, पण तिच्या हसण्यात हवा नव्हती.

यामनाला हे सगळं दिसलं. आणि तिनं काय केलं? जळफळत घरी आली. एकाहत्तर!

त्याच आठवड्यात तिच्या स्वतःच्या पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडून राहायला लागला. मांसात खड्डा राहत नाही. भिजलेल्या कणकेत राहतो. गच्चीच्या सात पायऱ्यांवर तिला धाप लागली. तिला उमगायला लागलं होतं, पण उमगून घ्यायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी मबारका वाफ्यात पोचलीच नाही. बांधावर बसली, मग आडवी झाली, मग घाबरून उठून बसली. ओठ जांभळे पडले होते. छातीत काहीतरी ओलं वाजत होतं. सालेमनं आणि इज्जानं तिला चादरीत घालून घरी आणलं. मागे शेवटच्या आठ खजुरी तशाच उभ्या आणि त्यांच्यावर काळं आभाळ.

"दृष्ट," बतूल म्हणाली. शेजारपाजारच्या बायका अंगणात जमल्या होत्या. "एवढं रूप उगवलं, लागणारच."

इज्जानं निखारे पेटवले, त्यावर तुरटी टाकली. मबारकाच्या डोक्यावरून सात वेळा धूर फिरवला. तुरटी फुलली, फुगली, वाकडीतिकडी झाली. विझल्यावर इज्जानं ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली.

"डोळा आहे," ती म्हणाली. "हे बघा बुबुळ. बाईचाच आहे."

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा बतूलवर जाऊन थांबल्या.

"त्या दिवशी गाल बघा म्हणालीस," एकजण म्हणाली.

"माशाल्ला म्हटलं होतं मी!" बतूल रडकुंडीला आली. "सगळ्यांबरोबर म्हटलं!"

"टाळ्या आधी पिटल्यास. शब्द नंतर आला."

इज्जानं तिची ओढणी धरली. दृष्ट लावणारीच्या कपड्याची चिंधी जाळली की उतरते, म्हणून तिला ती फाडायची होती. बतूल मागे सरकत होती. सालेम हतबल होऊन दारात उभा. आणि भिंतीला टेकलेली मबारका, तोंड उघडं, डोळे मोठे झालेले, कुणाकडेच न बघता एका यामनाकडे बघत होती.

यामनाला गप्प राहता आलं असतं. बतूलच्या ओढणीची चिंधी गेली असती, एवढंच. तिचं स्वतःचं नाव स्वच्छ राहिलं असतं. पण मबारकाच्या छातीतला तो ओला आवाज थांबत नव्हता आणि सगळ्या अंगणात तो आवाज कशाचा, हे तिला एकटीला माहीत होतं.

"सोड तिला," यामना म्हणाली. "गोळीचं आहे ते."

"कसली गोळी, यम्मा?"

"नसांची. पाणी भरतं अंगात. मांस नाही ते, पाणी आहे." तिनं झगा वर केला, खाली बसली, आपल्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. "हे बघ. आता तिच्या पायावर दाब."

इज्जानं दाबलं. अंगठा पेरभर आत गेला.

"पण तुझ्या पायाला..." सालेम म्हणाला आणि थांबला. त्याच्या तोंडावर एकेक गोष्ट उमटत गेली. पाट, बेडूक, कमी भरलेला डबा. "तू खाल्ल्यास?" बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"ओरडायचं ते मग ओरड. आधी गाडी आण."

*

रुग्णालय दीड तासावर. वाटेतच पावसाचे थेंब काचेवर आपटायला लागले. सालेमनं एकदाही मागे वळून शेताकडे पाहिलं नाही, पण चाकावरची त्याची बोटं पांढरी झाली होती.

डॉक्टरीण तरुण होती, दोन कामं एकदम करणारी. एकीकडे मबारकाच्या नाकाला प्राणवायू लावला, शिरेत सुई घातली, दुसरीकडे प्रश्नांचा मारा. "काय काय औषधं घेतात? कधीपासून? वजन किती वाढलं? आडवं झोपता येतं का?"

सालेम इज्जाकडे बघायला लागला, इज्जा भिंतीकडे.

"पाच आठवडे झाले," यामना म्हणाली. "आधी दिवसाला एक, सतरा दिवसांपूर्वीपासून दोन. वजन एकसष्ट होतं. मग चौसष्ट, साडेसदुसष्ट, एकाहत्तर. तोडे चढेनात त्याला वीस दिवस झाले. बारा दिवसांपासून दोन उशा, सहा दिवसांपासून बसून झोपते."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "तुम्ही कोण? मुलगी?"

"जाऊ."

"फार लक्ष ठेवलंत!"

यामनानं मान खाली घातली. मागे सालेम खोकला.

"छातीचं आधी काही झालं होतं?"

"नाही," सालेम म्हणाला.

"झालं होतं," यामना म्हणाली. "चार वर्षांपूर्वी. हृदय अशक्त आहे म्हणाले होते, गोळी दिली होती. वर्षभरानं तिनं सोडली. कागद पेटीत तळाशी आहे. फराजीबरोबर गेली तेव्हा मुद्दाम नेला नाही. मला म्हणाली, मुलाला किती आजार दाखवू, एकच दाखवते."

खाटेवरून मबारकानं डोळे वटारले. प्राणवायूची नळी नसती तर काहीतरी नक्की म्हणाली असती.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. नसांच्या दुखण्यावर ती गोळी चांगलीच असते, अनेकांना सोसते. पण म्हाताऱ्या माणसांत कधीकधी ती अंगात पाणी धरून ठेवते आणि ज्याचं हृदय आधीच थकलेलं, त्याला ते पाणी ढकलता येत नाही. मग ते फुप्फुसात चढतं. एकदम बंदही करायची नाही, कमी करत करत सोडवायची. "आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं," ती म्हणाली. मग यामनाच्या पायांकडे बघून, "आणि तुम्हाला कुणी लिहून दिली होती?"

यामनाला वाटलं, जमीन असती तर दुभंगली असती, पण ही फरशी होती.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

*

नऊ दिवसांनी मबारका घरी आली. पाणी सगळं उतरलं होतं, गाल पुन्हा बसले होते. आठ खजुरींचे घड आंबून गेले होते आणि अंगणातली गाढवं ते खाऊन सुस्त पडली होती. नऊ दिवसांत सालेम आईशी "हो" आणि "नाही" इतकंच बोलला होता.

मबारका तेवढंही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी यामना पेज घेऊन गेली तेव्हा तिनं वाडगा हातात घेतला नाही.

"चाळीस रात्री झोपले होते मी," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आता कालपासून परत निखारे. खूश आहेस?"

"मेली असतीस."

"ते तुला कधी दिसलं? तुला एकाहत्तर दिसत होतं. तुला बघवलं नाही, यामना. म्हणून सांगितलंस."

यामनानं वाडगा खाली ठेवला. नाही म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण तिला खरंच ठाऊक नव्हतं. सांगितलं तेव्हा पोटात भीती होती, हे खरं. आणि मबारकाच्या गोळ्या आता जाणार, हे मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी गोड लागलं होतं, तेही खरं.

शुक्रवारी दुपारी गावातल्या बायका भेटायला आल्या, साखरेच्या सुळक्यासारख्या ढेपा कागदात गुंडाळून. बतूलही आली, नवी ओढणी घेऊन, लांब बसली. खोली भरली. यामना दाराशी चहा ओतत होती आणि आता मबारका सांगणार होती. सांगायलाच हवं होतं तिनं. गावभर झालं असतं की यामना चोर आहे, म्हातारपणी जावेच्या गोळ्या चोरून खाते.

"काय झालं होतं गं नेमकं?" कुणीतरी विचारलं.

मबारकानं उशी पाठीशी सरकवली. सगळ्यांकडे पाहिलं. यामनाकडेही पाहिलं.

"अंगात पाणी झालं होतं," ती म्हणाली. "माझ्या जावेनं ओळखलं. डॉक्टरलाही तिनंच सांगितलं. ती होती म्हणून मी आहे."

बायका गहिवरल्या. "काय मन आहे बाई हिचं," एकजण पुटपुटली. "स्वतः मरता मरता वाचली आणि गुण दुसरीचे गाते!" "मबारकाचं असंच. सोनं आहे सोनं!" आणि सगळ्या माना मबारकाकडे वळल्या, सगळे डोळे पाणावले. एकीनं उठून तिच्या कपाळाचा मुका घेतला.

यामनाच्या हातातली किटली खाडकन ताटलीत टेकली. हे म्हणजे अतीच झालं! चोरी आपण करायची, जीवही आपण वाचवायचा आणि सोनं कोण? तर ती!

"ओळखलं कसं ते विचारा ना," यामना मोठ्यानं म्हणाली.

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"मी तिच्या गोळ्या चोरून खाल्ल्या. हो, मीच. गाल यावेत म्हणून. माझे पाय सुजले, म्हणून तिचे कळले. बतूल, तुझ्या टाळ्यांचा काही संबंध नाही, माशाल्ला मी म्हटलं नव्हतं. झालं? आता चहा घ्या, निवतोय."

कुणी पेला उचलला नाही. इज्जानं पदर तोंडात कोंबला. आधी बतूल हसली, एकदम, नाकातून, आणि मग तिला आवरेचना. मग दुसरी. मग सगळी खोलीच. कुणी "अगं बाई!" म्हणत होतं, कुणी गुडघ्यावर हात आपटत होतं. मबारका एकटी हसत नव्हती. ती यामनाकडे असं बघत होती जसं पंचेचाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

बायका गेल्या. उन्हं अंगणातून भिंतीवर चढली. यामना पेले गोळा करत होती. मबारकानं पांघरुणातून पाय बाहेर काढले, कारण पांघरुणाचा स्पर्श पुन्हा सोसत नव्हता.

"किती खाल्ल्यास?" तिनं विचारलं.

"अकरा."

"अकरा! आणि मी त्या औषधवाल्याच्या आईबापाचा उद्धार करत होते." मबारकानं पाय खाटेच्या कडेला सरकवले. "तुझ्यामुळे माझ्या अकरा झोपा गेल्या. तेवढ्या रात्री तू इथं बसायचं. ओलं फडकं घेऊन, माझ्या पायांशी. डुलकी घेतलीस तर लाथ मारीन."

यामनानं पेले खाली ठेवले. पाण्याचं घमेलं ओढलं, फडकं बुडवून पिळलं आणि खाटेच्या पायथ्याशी बूड टेकलं.

"दहा," ती म्हणाली. "एक ओकले होते मी."